तीन अधिक तीन

दहावीनंतर इंजिनिअर व्हायला सहा वर्षं लागतात. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार. किंवा डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला की पदवीची उरलेली तीन. बेरीज एकच. तरीही दहावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन याच बेरजेपायी वाजायला लागतो. "दादा, याला अकरावीला टाकू की डिप्लोमाला?" आतेबहीण विचारते, मावसभाऊ विचारतो, शेजारच्या वहिनी जिन्यात गाठून विचारतात. प्रश्नात क्रियापद 'टाकू' असतं, आणि ज्याला टाकायचं तो मुलगा मागे कुठेतरी मोबाइलवर असतो.

माझं उत्तर कित्येक वर्षं एकच आहे आणि ते कुणाला फारसं आवडत नाही. मी उलट विचारतो, मधेच थांबावं लागलं तर हातात काय राहील? पदवीकडे जाणारा रस्ता निवडताना सगळे शेवटच्या स्टॉपची पाटी वाचतात. पण घरात कुणी आजारी पडतं, दुकान बसतं, सीईटीच्या दिवशी ताप भरतो, कधी मुलालाच पुरे होतं, आणि मधल्याच कुठल्या तरी थांब्यावर उतरावं लागतं. तो थांबा गाव आहे की नुसतं माळरान, हे एसटीत चढायच्या आधी पाहायला हवं. महाराष्ट्रात पदवीला पोचवणारे आडरस्ते बरेच आहेत. काही बारावी टाळून जातात, काही बारावीनंतर वळतात. या लेखात त्या सगळ्यांकडे याच एका प्रश्नानं पाहायचं आहे.

आधी राजरस्ता बघू. अभियांत्रिकीसाठी बारावीला ठरावीक विषयांत ४५ टक्के पडले, राखीव प्रवर्गाला ४० पडले, की बोर्डाच्या मार्कांचं काम संपलं. पुढचं सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. त्यामुळे अकरावी-बारावीचं कॉलेज हे बऱ्याच गावांत आता फक्त नाव नोंदवायचं ठिकाण उरलं आहे. शिकणं क्लासमध्ये, हजेरी कॉलेजात, आणि दोघांमध्ये 'टाय-अप'. लातूर पॅटर्नची ख्याती झाली तेव्हा निदान कॉलेजातले मास्तर स्वतः राबत होते. आताच्या त्याच्या नकलांमध्ये राबण्याची जागा फीच्या पावतीनं घेतली आहे. दोन वर्षांची मेहनत तीन तासांच्या परीक्षेत मोजली जाते आणि ती फसली तर हातात बारावी सायन्स उरते. तिच्यावर नोकरी मिळत नाही. पोलीस भरतीला, लिपिकाच्या परीक्षेला चालते, पण मग त्यासाठी भौतिकशास्त्र कशाला शिकलो, हा प्रश्न राहतोच.

बारावीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मोठी आहे आणि डिप्लोमाचे कैवारी ती हमखास गाळतात. बारावी दारं उघडी ठेवते. डॉक्टर व्हायचं तर नीटला जीवशास्त्रासह बारावी लागतेच. एनडीए, वास्तुशास्त्र, साधी बीएस्सी, कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सगळं बारावीवरून पुढे जातं. पंधराव्या वर्षी ज्याला स्वतःचं काही ठरलेलं नाही त्याला आणखी दोन वर्षं न ठरवण्याची मुभा मिळते, आणि त्या मुभेला मोल आहे. डिप्लोमा दहावीच्या उन्हाळ्यातच शाखा निवडायला लावतो. स्थापत्य की यंत्र की संगणक, हे ज्या वयात ठरवायचं त्या वयात आम्ही पतंग उडवत होतो.

डिप्लोमाला आपल्याकडे गावोगाव 'पॉलिटेक्निकल' म्हणतात. तो शब्द दुरुस्त करायची खटपट मी केव्हाच सोडली. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अखत्यारीत हे अभ्यासक्रम चालतात. तीन वर्षं, सहा सत्रं, हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा. मुलांच्या तोंडी 'विंटर' आणि 'समर' हे ऋतू नाहीत, परीक्षा आहेत. दहावीला ३५ टक्के असले तरी अर्ज करता येतो, प्रवेशपरीक्षा नाही, यादी दहावीच्या गुणांवर लागते. शासकीय तंत्रनिकेतनं बहुतेक जिल्ह्यांत आहेत, आणि लातूर, यवतमाळ, तासगाव इथे मुलींसाठी निवासी आहेत. मुलीला तालुक्याबाहेर पाठवायला घाबरणाऱ्या बापाला मी ही तीन नावं पहिल्यांदा सांगतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली आहे, हेही सांगतो. मग तो बाप थोडा वेळ काही बोलत नाही.

पहिल्या वर्षाला सोळा वर्षांचं पोर फाइलिंग करतं. लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये धरून घासत बसायचं, कोन गुण्यात आहे की नाही ते बघायचं, नाही आला तर पुन्हा घासायचं. ड्रॉइंगच्या शीट काढायच्या, जर्नल पूर्ण करायचं, सबमिशनला मास्तरांच्या सहीसाठी दारात उभं राहायचं. यातलं निम्मं काम रटाळ आहे आणि कॉपीही भरपूर चालते. तरी ज्यानं स्वतःच्या हातानं एक जोड बसवला त्याला पुढे पदवीच्या वर्गात फळ्यावरची आकृती पाहून घाम फुटत नाही.

आणि मधला थांबा? इथे तो गावच आहे, पण सगळ्या शाखांसाठी नाही. स्थापत्याचा डिप्लोमा झालेल्याला सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद यांच्या कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला बसता येतं. जुन्या पिढीत याच माणसाला 'ओव्हरसियर' म्हणत आणि गावात त्याचा मान तहसीलदाराच्या खालोखाल असे. रेल्वेची आणि केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ अभियंता परीक्षा डिप्लोमावर देता येते. यंत्र आणि विद्युत शाखांना चाकण, बुटीबोरी, वाळूज, अंबडच्या कारखान्यांत जागा आहे, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे वर्षभराची विद्यावेतनासह उमेदवारीही करता येते. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी शिक्षण थांबलं तरी पोटापाण्याची सोय होते.

गेल्या काही वर्षांत झुंबड मात्र संगणक, आयटी, एआय यांच्याकडे आहे, आणि नेमक्या याच शाखांत डिप्लोमाची स्वतःची किंमत सगळ्यात कमी. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बहुतेक जाहिराती पदवीपासून सुरू होतात. नुसत्या संगणक डिप्लोमावर थांबलेला मुलगा सायबर कॅफेपासून डेटा एंट्रीपर्यंत फिरत राहतो. ज्याला संगणकच करायचा आहे त्यानं डिप्लोमा घ्यायला हरकत नाही, पण तो पदवीपर्यंत थांबणार नाही अशी घरात पैशाची आणि मनाची तयारी हवी. यंत्र किंवा विद्युतवाल्याला ती तयारी मागाहून झाली तरी चालते. ही गोष्ट प्रवेशाच्या रांगेत कुणी सांगत नाही. शाखा कटऑफवरून ठरते. 'जिकडे कटऑफ जास्त ते चांगलं' हा बाजारातल्या आंब्यांचा नियम आपण पोरांच्या आयुष्याला लावतो.

इथे जरा मागे जाऊ. आज ज्या पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या नावासाठी मुलं जीव टाकतात ते १८५४ मध्ये सुरू झालं तेव्हा 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' होतं. काम होतं सरकारी बांधकामांसाठी कनिष्ठ माणसं घडवण्याचं. तिथूनच १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या एलसीई झाले. एलसीई म्हणजे लायसेन्शिएट, आजच्या अर्थानं बीई नव्हे. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे व्हीजेटीआय, १८८७ ची. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावानं ओळखली जाते, आणि तिथे पदवी आणि पदविका अनेक वर्षं एकाच आवारात नांदल्या. सांगायचा मुद्दा असा, की 'खालचं' शिक्षण आणि 'वरचं' शिक्षण ही फोड आपण नंतर केली. मग नोकरीतल्या बढतीच्या यादीत तीच फोड आली आणि पदविकाधारक विरुद्ध पदवीधर अशा ज्येष्ठतेच्या लढाया कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. डिप्लोमावाला पुढे पदवी घेतो तो काही वेळा ज्ञानासाठी नाही, या यादीत वर सरकण्यासाठी.

आता थेट दुसरं वर्ष, म्हणजे डीएसई. मंजूर जागांच्या वर दहा टक्के जागा यासाठी असतात. साठच्या वर्गात सहा. शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्याही यात येतात. मोठ्या कॉलेजांत पहिल्या वर्षातून कुणी आयआयटीला जातं, कुणी वर्ष सोडून पुन्हा नीट देतं, आणि त्या खुर्चीवर डिप्लोमावाला बसतो. सीईटी नाही, डिप्लोमाच्या अंतिम वर्षाच्या टक्क्यांवर यादी लागते. सीओईपी आणि व्हीजेटीआयमध्येही असा प्रवेश मिळतो. बारावीच्या वाटेनं ज्याला तिथल्या फाटकातून आत जाता आलं नसतं तो मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी जीव तोडून अभ्यास करतो आणि तिथे जाऊन बसतो. एका चांगल्या वर्षाच्या जोरावर दुसरी संधी मिळते, हा या वाटेचा खरा मोठेपणा. मात्र आयआयटीत असा थेट दुसऱ्या वर्षाचा दरवाजा नाही. तो हट्ट असेल तर आधीच सांगून टाकावं.

बसल्यावर काय होतं? पहिली अडचण वेळेची. डिप्लोमाचा निकाल, मग फॉर्म, मग कॅप राऊंड, फ्रीझ, बेटरमेंट, यात ऑगस्ट उलटतो. तोवर दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. डीएसईवाले वर्गात येतात तेव्हा मागच्या बाकांशिवाय बाक उरलेला नसतो आणि पहिली चाचणी तोंडावर असते. दुसरी अडचण गणिताची, आणि ती फार मोठी. डिप्लोमात गणित मुख्यतः पहिल्या वर्षी असतं. पुढची दोन वर्षं मुलं गणितापासून सुटलेली असतात. बारावीवाले तोपर्यंत कॅल्क्युलस, मग पदवीचं एम वन, एम टू करून आलेले. आणि दुसऱ्या वर्षाला समोर येतो एम थ्री. लाप्लास, फुरिए, वेक्टर कॅल्क्युलस. मशीन शॉपमध्ये सराईत असलेला मुलगा या पेपरला केटी घेतो, एकदा, दोनदा. 'डिप्लोमावाले गणितात कच्चे' ही कॉलेजातली म्हण अशी तयार होते. ते कच्चे नसतात. त्यांना मधलं पान कुणी दिलेलंच नसतं. तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेनं अशा विद्यार्थ्यांसाठी पूरक वर्ग घ्यायला सांगितलेलं आहे. काही कॉलेजं ते मनापासून घेतात, बऱ्याच ठिकाणी ते वेळापत्रकाच्या कागदावर होतात.

म्हणून डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला मी एकच काम सांगतो. उन्हाळ्याची परीक्षा संपली की निकालाची वाट पाहत गावी पडून राहू नकोस. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं कुणाकडून तरी माग. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन दोन महिन्यांत हाताखाली येतं, ते आलं की एम थ्री चढण राहते पण कडा राहत नाही. दुसरं काम कागदांचं. नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता, डोमिसाईल यांतला एखादा कागद वेळेत नसल्यानं हातातली जागा गेलेली मुलं मी दरवर्षी पाहतो. गुणांनी गेलेल्या जागेचं दुःख समजतं. शिक्क्यासाठी गेलेल्या जागेचं समजत नाही.

तिसरी अडचण भाषेची, तिच्याबद्दल फार बोललं जातं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्याला डिप्लोमाचं पहिलं सत्र जड जातं हे खरं. मंडळानं मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय आणला आहे, पदवीलाही २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकीचा एखाददुसरा वर्ग सुरू झाला आहे. पण माझा अनुभव सांगतो की मुलं भाषेनं पहिल्या सहा महिन्यांत पडतात आणि उठतातही. गणितानं पडलेली उठायला दोन वर्षं घेतात.

डिप्लोमाच्याही खालून येणारी एक वाट आहे, आयटीआयची. तिथल्या फलकांवरचे शब्द मला फार आवडतात: जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री. मुलं अर्थातच फिटर, टर्नर, वेल्डर म्हणतात. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन अधिक दोन अधिक तीन, म्हणजे सात. राजरस्त्यापेक्षा फक्त एक वर्ष जास्त, आणि प्रत्येक थांब्यावर उतरलं तरी उपजीविका होईल असा कागद हातात. भाषा विषयाची परीक्षा देऊन आयटीआयवर बारावीची समकक्षताही मिळवता येते. इतकी शहाणी शिडी असूनही ती चढणारे मोजकेच. कारण आयटीआयला जाणारा मुलगा बहुतेक वेळा घरची गरज म्हणून गेलेला असतो, आणि पहिला पगार आला की शिडी कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यात त्याची चूक नाही.

औषधनिर्माणाकडे बारावी सायन्सनंतरची दोन वर्षांची डी.फार्म. आहे, त्यानंतर पाचशे तासांचं प्रशिक्षण. तिथून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. इथला मधला थांबा तर भक्कम आहे: नोंदणी झाली की स्वतःचं मेडिकल टाकता येतं. इतका भक्कम, की अनेक जण तिथेच उतरतात, आणि काही जण दुकान न टाकता लायसन्स दुसऱ्याच्या भिंतीवर टांगून महिन्याचे पैसे घेतात. नोंदणीसाठी आता निर्गम परीक्षा आणली आहे, त्यानं काय फरक पडतो ते दिसेल. नर्सिंगमध्ये एएनएम, जीएनएम आणि मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी, ही चढण रुग्णालयांतल्या शेकडो सिस्टर नोकरी सांभाळून चढल्या आहेत. जीएनएम बंद करण्याची चर्चा अधूनमधून निघते आणि विरते. ज्या शिडीनं इतक्या बायकांना खेड्यातून जिल्ह्याच्या रुग्णालयात आणलं ती काढून घेण्याआधी दुसरी लावावी, एवढंच म्हणेन.

आणि डी.एड. त्याची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण माझ्या आवडत्या प्रश्नाला ती अडचणीत आणते. एक काळ असा होता की बारावीला चांगले गुण मिळालेली खेड्यातली मुलगी किंवा मुलगा इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जाई. दोन वर्षांत अध्यापक, लगेच जिल्हा परिषदेची शाळा, पगार चालू. मग नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बीए, पुढे बी.एड., एखादा एमए, आणि निवृत्तीपर्यंत केंद्रप्रमुख. पदवीला जायची यापेक्षा सुरक्षित वाट त्या काळी नव्हती. मधला थांबा म्हणजे पेन्शनीचं गाव होतं. आमच्या घराण्यात या वाटेनं गेलेले पाच जण आहेत. मग गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली. दरवर्षी हजारो मुलं बाहेर पडू लागली, आणि २०१२ मध्ये राज्यानं शिक्षकभरती रोखली. पुढच्या वर्षी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली. पदविका घेऊन बसलेल्या मुलांचं वय भरतीच्या प्रतीक्षेत सरलं. कुणी किराणा टाकला, कुणी खासगी शाळेत नाममात्र पगारावर राबतंय. कॉलेजं ओस पडली, बरीच बंद झाली. तेव्हा मधला थांबा गाव आहे का, हे विचारणं पुरत नाही. गावाला पाणी किती वर्षं राहणार आहे, तेही विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर सोळा वर्षांच्या पोराजवळ नसतं, त्याच्या बापाजवळ नसतं, माझ्याजवळही नसतं. तरी एक ओळखता येतं. जो कागद एकाच मालकाकडे चालतो, मग तो मालक सरकार का असेना, त्यावर सगळं लावू नये. डी.एड.चा कागद एका मालकाकडे चालत होता. वीजतंत्र्याचा कुठेही चालतो.

मुक्त विद्यापीठाचं नाव आलंच आहे. नाशिकला गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाणांच्या नावानं १९८९ मध्ये ते सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. ब्रीदवाक्यं बहुधा लेटरहेडवरच राहतात; हे खरोखर घरोघरी गेलं. शाळा अर्ध्यात सुटलेल्या माणसाला बारावीऐवजी एक छोटी पूर्वतयारी परीक्षा देऊन बीए-बीकॉमला बसू देण्याची कल्पना धाडसी होती. एसटीतले कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई, पोलीस हवालदार, लग्नानंतर वीस वर्षांनी पुस्तक हातात धरलेल्या बायका, रविवारच्या संपर्क सत्राला हे सगळे एका वर्गात. मराठीत, स्वतः वाचून समजावं अशा बेतानं लिहिलेली पुस्तकं. एका संपर्क सत्राला मी गेलो होतो. समाजशास्त्राचा तास चालू होता आणि समोर बसलेल्या बायांना विषय शिकवणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. त्यांना फक्त त्याची नावं माहीत नव्हती.

या वाटेची जोखीम वेगळी आहे. पदवी आहे, पण बारावीचं गुणपत्रक नाही. कागद तपासणाऱ्या टेबलावर हे ऐन वेळी निघतं. एका ओळखीच्या बाईंना बढतीच्या वेळी विचारलं गेलं, "पदवी ठीक आहे, पण मधलं कुठाय?" त्यांनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा फॉर्म नंबर १७ भरून बारावी दिली. बीए आधी, बारावी नंतर. मुलगी त्याच वर्षी बारावीला होती, दोघींनी एकच इंग्रजीचं गाइड वापरलं. म्हणून ज्याचं वय लहान आहे आणि ज्याला पुढे स्पर्धापरीक्षेला बसायचं आहे त्यानं सतरा नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावी आधी करून घ्यावी. पूर्वतयारी ही चाळिशीच्या माणसासाठी उत्तम.

नोकरी करून शिकण्याची परंपरा मुक्त विद्यापीठाच्याही आधीची. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते नोकरदार तरुणांना ऑफिसआधी, सकाळी शिकता यावं म्हणून. त्याच्याही आधीपासून मुंबई-पुण्याच्या रात्रशाळांनी गिरणी कामगार, हॉटेलातली पोरं, पेपर टाकणारे यांना दहावीपर्यंत आणलं. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या नोकरदारांसाठी असंच एक दार होतं, एएमआयई. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० ची संस्था. तिच्या सेक्शन ए आणि बी परीक्षा घरी अभ्यास करून द्यायच्या आणि पास झालं की बीईच्या बरोबरीचं धरलं जाई. परीक्षा अवघड होती, वर्षानुवर्षं न सुटणारी. कारखान्यातून आल्यावर चाळीतल्या गॅलरीत दिव्याखाली एएमआयई करणारे काका माझ्या लहानपणी प्रत्येक चाळीत एक तरी असत. ३१ मे २०१३ पर्यंत नावं नोंदवलेल्यांचीच ही समकक्षता केंद्रानं मान्य ठेवली, आणि ते दार बंद झालं. प्रयोगशाळेशिवाय इंजिनिअर कसा, हा आक्षेप रास्त होता. पण तो कारखान्यात रोज आठ तास काढणाऱ्या माणसाला लावावा, हे मला अजून पटलेलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं मधल्या थांब्यांचा विचार उघडपणे केला आहे, हे मान्य करायला हवं. एक वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, आणि श्रेयांक बँकेत जमा. मला यात मोठी गफलत दिसते. विद्यापीठानं दिलेला कागद थांब्याला गाव करत नाही, तिथे कामावर घेणारा असावा लागतो. बीएचं एक वर्ष केलेल्याचं प्रमाणपत्र पाहून कोण घेणार? आयटीआय आणि डिप्लोमाच्या मागे तरी नोंदणी, परवाने, शिकाऊ उमेदवारीचा कायदा अशी जुनी यंत्रणा उभी आहे.

एक गोष्ट अलीकडे बरी झाली. २०२३ पासून नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी संध्याकाळचे बी.टेक.चे वर्ग भरवायला कॉलेजांना परवानगी मिळाली आहे. एएमआयईच्या बंद दारापासून दहा वर्षांनी उघडलेली ही खिडकी. अट अशी की उमेदवार जवळपासच्या उद्योगात कामाला हवा आणि प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला. चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात असलेला माझा एक भाचा त्यात गेला. दहावीला बेताचे गुण, मग आयटीआयला जोडारी, वर्षभर शिकाऊ उमेदवारी, मग डिप्लोमा थेट दुसऱ्या वर्षाला, मग नोकरी, लग्न, एक मुलगी, आणि आता हे. पहिल्या पाळीतून सुटला की अंगावरच्या ऑइलच्या वासासकट वर्गात. मशीन डिझाइनच्या तासाला मास्तर त्यालाच फळ्यापाशी बोलावतात, कारण ज्या बेअरिंगबद्दल ते शिकवतात तसं बेअरिंग त्यानं आदल्याच आठवड्यात बदललेलं असतं. मी त्याला विचारलं, एम थ्रीचं काय? तो हसला. दोनदा राहिलाय म्हणाला, हिवाळी परीक्षेला पुन्हा फॉर्म भरलाय, आणि बायको बीएस्सी मॅथ्स आहे, रात्री मुलगी झोपली की ती शिकवते.